मोकळीक

शेडमध्ये जागा एकाच यंत्रापुरती,
खिडकीखाली, जिथं आधी कपडे धुण्याचं मशीन होतं.
त्याच्या पायांचे चार गंजके ठसे अजून आहेत.

पोर्ट चामर्सच्या या उतारावर सगळंच जरा कललेलं असतं:
कुंपणं, टपालपेट्या, साठी ओलांडलेल्या बायका.
ड्रिल घ्यावं की मिलिंग, हे ठरवण्यात
माझा अख्खा हिवाळा गेला.

ड्रिलचं म्हणणं एका शब्दाचं: खाली.
दांडा ओढा, खाली. सोडा, वर.
त्याला आडवं काही विचारू नये.
मी विचारलं होतं एकदा, शाळेच्या प्रयोगशाळेत,
नोकरीच्या तिसऱ्या वर्षी:
ड्रिलच्या चकमध्ये मिलिंगचं कटर धरून
पट्टी बाजूनं रेटली.
चक निसटला, टेबलावरून गरगरत गेला
आणि मुख्याध्यापकांच्या बुटाला लागून थांबला.
ते म्हणाले, "रोना, हे तुझं का?"

मिलिंगला उभं कळतं, आडवंही कळतं.
मॉसगिलला व्हीबे हूक्स्त्राच्या गॅरेजात
ते ताडपत्रीखाली उभं होतं, पितळी हातचाकं
तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेली.
"काय बनवणार?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, होडीच्या सुकाणूसाठी एक कांस्याची पट्टी,
तिच्यात एक खाच.
"आणि मग?"
मग माहीत नव्हतं मला.

त्यानं चाक उजवीकडं फिरवलं, टेबल सरकलं.
डावीकडं फिरवलं, काहीच नाही.
पाव फेरा हात नुसताच फिरत राहिला,
आकडे पुढं जात राहिले, लोखंड जागच्या जागी.
"ही मोकळीक," तो म्हणाला. "प्रत्येक स्क्रूत असते.
नव्यात कमी, माझ्यात जास्त.
म्हणून कुठंही पोचायचं तर
नेहमी एकाच बाजूनं यायचं.
पुढं गेलात, तर पुरतं मागं जा
आणि पुन्हा या."
बोलताना त्याचा उजवा हात थरथरत होता.
तो का विकतोय, हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर शेजारचा ताविता
टॉर्च तोंडात धरून शेडखाली सरपटला,
हातोडीनं तुळया वाजवत गेला.
मधल्या तुळईचा आवाज ओल्या पावासारखा आला.
"किती वजन म्हणालीस?"
दोनशे सत्तर किलो.
बराच वेळ खालून काही उत्तर नाही.
मग, "अंथरूण पाहून पाय पसर, बाई.
नाहीतर तुझं यंत्र माझ्या कोबीत उतरेल."

म्हणून ड्रिल.
दोघांनी उचलून आणलं, वाटेत एकदा टेकवलं.
खाली. वर. खाली.
कांस्यावर एका ओळीत आठ भोकं पाडली,
इतकी जवळ की मधे नखाएवढी भिंत उरावी.
त्या भिंती छिन्नीनं तोडल्या
आणि कानस घेतली.
मिलिंगवर हे काम एका चहाचं.
मला दोन संध्याकाळी लागल्या.
बंदरात लाकडाचं जहाज भरत होतं,
पिवळे दिवे, साखळ्यांचा आवाज,
माझ्या पोटऱ्यांवर सोनेरी भुसा.
खाच सरळ नाही झाली.
डाव्या टोकाला केसभर रुंद आहे,
तिथं सुकाणू किंचित खुळखुळतं.

काल फोन आला.
"अजून विकलं गेलं नाही," हूक्स्त्रा म्हणाला,
आणि मग हवेबद्दल बोलत राहिला,
दक्षिणेचा वारा, मॉसगिलचं दव,
ताडपत्रीखाली गंज धरतो म्हणाला,
कुणीतरी आठवड्यातून एकदा
चाकं फिरवायला हवीत.

मी पट्टी बोटांत धरून ऐकत होते.
म्हटलं, गुरुवारी चालेल का?
पलीकडं जरा वेळ काहीच हललं नाही.